मोरीचं पाणी खाडीत सोडण्याआधी

मुंबईत खाडीकाठी गोराई, मनोरी, मढकडे अंगणाचं घर असेल, तर मोरीचं पाणी थेट खाडीत सोडू नका. पाणथळ जमीन पाणी गाळते ते कर्दळीच्या वाफ्यालाही जमतं: मुळांशी, खडीवर जिवाणू वाढतात आणि साबण-खरकट्यातली घाण खातात. जिथे हवा पोचत नाही, तिथले जिवाणू पाण्यातल्या नायट्रेट या क्षाराचा नायट्रोजन वायू करून सोडतात.

किनाऱ्यावर थोडं खणलं तरी पाणी लागतं, म्हणून वाफ्यासाठी खड्डा नको. जोत्याला लागून, मोरीच्या पाइपाच्या खाली पण जमिनीच्या वर, गिलावा केलेला दीड-दोन फूट खोल हौद बांधा. दोन्ही टोकांना जाड खडी, मध्ये बारीक खडी, त्यात कर्दळ.

खाडीचा चिखल मात्र आणू नका. तो इतका चिकट की पाणी तुंबतं, शिवाय खाडीतल्या कांदळवनाला (खारफुटीच्या झाडीला) कायद्याचं संरक्षण आहे.

पाण्याची पातळी खडीच्या वरच्या पृष्ठभागाच्या दोन इंच खालीच राहील असा बाहेरचा पाइप लावा, नाहीतर डास होतात. मासे धुतलेलं, तेलकट पाणी आधी छोट्या टाकीत निवळू द्या. तवंग आठवड्याला काढा. संडासाचं पाणी यात कधीच नको. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणीही वेगळं काढा.