टपालपेटीवर दोघांचीही नावं लावा

माझ्या वडिलांनी आयुष्यभर सातपूरच्या मायकोत नोकरी केली. कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, तरी नाशिककरांच्या तोंडी ती मायकोच आहे आणि सर्कलही मायको सर्कलच. त्या बॉशचं मूळ घर स्टुटगार्टला, त्यामुळे जर्मनी हा शब्द आमच्या घरात लहानपणापासून होता. तरीही 2012 च्या नोव्हेंबरात, लग्नाला सहा महिने झालेले असताना, मी इथे स्टुटगार्टला उतरले तेव्हा या देशाची मला काहीच कल्पना नव्हती.

आता नाशिकहून एखादं नवं जोडपं यायचं असलं की कुणाच्या तरी आईचा फोन येतो. ‘ताई, पोरगी पहिल्यांदाच एवढी लांब चाललीय, जरा लक्ष असू द्या.’ लक्ष असतंच. पण प्रत्येकीला तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते आहे. बहुतेक वेळा मुलगा इथे आधीच नोकरीला असतो, तीन आठवड्यांची रजा काढून लग्नाला जातो, आणि मुलगी मागून येते. हल्ली मुलगी आधी आलेली आणि नवरा मागून येणारा, अशीही घरं आहेत. मी मागून येणाऱ्याच्या बाजूनं लिहिते आहे, पण आधी आलेल्यानं हे जास्त लक्ष देऊन वाचावं.

नाशिक सोडण्याआधीचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहितात, ते घरात आनंदानं वापरा. कागदावर मात्र घाई करू नका. पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला आणि व्हिसाचा अर्ज या तिन्हींवर एकच नाव, एकाच स्पेलिंगनं हवं. पासपोर्टवर आपल्या नावापुढे वडिलांचं नाव असतं, आणि जर्मन फॉर्ममध्ये मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो. वडिलांचं नाव तुमच्या पहिल्या नावाला जोडूनच येतं. येऊ द्या. फक्त एका फॉर्मवर लिहिलं आणि दुसऱ्यावर गाळलं, असं होऊ देऊ नका, नाहीतर त्या दोन वेगळ्या बाया ठरतात. आडनाव बदलायचंच असेल तर व्हिसाच्या अर्जाआधी पासपोर्टसकट पूर्ण बदला, किंवा इथे स्थिरावल्यावर म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून करा. स्टुटगार्टचा भाग त्यांच्याकडे येतो. मधल्या काळात नको. माझं मत विचाराल तर बदलूच नका. मी बदललं नाही, आणि माझ्या पदवीच्या कागदांना इथे कधी खुलासा जोडावा लागला नाही.

विवाह नोंदणी महापालिकेत लग्नाच्या आठवड्यातच करून घ्या. मंगल कार्यालयाची पावती किंवा गुरुजींचं पत्र व्हिसाला चालत नाही. पूजा, जागरण-गोंधळ, देवदर्शन यात ते दिवस भुर्रकन जातात, नवरा विमानात बसतो, आणि मग त्याच्या एका सहीवाचून फाइल अडते. आमचं तेच झालं. मे महिन्यात लग्न आणि नोव्हेंबरात प्रवास. मधले सहा महिने मी पंचवटीच्या सासरी, ज्याच्यासोबत सतरा दिवस राहिले होते त्या माणसाशी फोनवर संसार करत होते.

नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, असेल तर मागून येणाऱ्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची ए-1, म्हणजे पहिल्या पायरीची, परीक्षा द्यावी लागत नाही. ही सवलत ऐकून पुष्कळजणी शिकणंच सोडतात. कृपा करून तसं करू नका. वाट पाहण्याचे ते महिने परत मिळत नाहीत. मोकळ्या डोक्यानं ए-1 तेव्हाच होते.

सामानाचं थोडक्यात. साजूक तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही आणू नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे, आणि सासूबाईंनी कढवलेलं तूप विमानतळावर टाकून द्यावं लागतं. ताजा कढीपत्ताही नाही. तूप इथे सुरेख होतं: लोणी उत्तम मिळतं, ते घरी कढवा. क्वार्क म्हणून जे मिळतं त्यातलं जास्त फॅटचं घेऊन फडक्यात बांधलं तर दसऱ्याचं श्रीखंड तासा-दोन तासात तयार. भेंडी, वांगी, डाळी, कोथिंबीर तुर्की दुकानात मिळते, ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात. आणायचंच असेल तर काळा मसाला आणा, मिसळीचा मसाला आणा, नाशिकचा चिवडा आणा. मिक्सर इथल्या 230 व्होल्टवर चालतो, फक्त तीन पिनांचं अडॅप्टर हवं. कुकर आणि तवा इंडक्शनच्या बुडाचेच घ्या, साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही.

आता इथे उतरल्यानंतरचं.

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्त्याची नोंद करायची असते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं ‘ही व्यक्ती माझ्या घरात राहायला आली’ असं सही केलेलं पत्र लागतं. नवरा आधीपासून त्या घरात असला तरी तुमच्यासाठी ते पत्र वेगळं हवं. तिकीट काढलं त्याच दिवशी मालकाला सांगून ठेवा. ही नोंद झाली की बाकीची दारं उघडतात: कर क्रमांक काही आठवड्यांत टपालानं येतो, बँक खातं निघतं, विमा होतो.

आणि इथेच मी अडकले होते. या देशात अजूनही महत्त्वाचं सगळं कागदावर, टपालानं येतं, आणि टपालवाला फ्लॅटचा क्रमांक नाही, पेटीवरचं आडनाव पाहतो. इमारतीत दहा पेट्या असतात, त्यांवर फ्लॅटचा आकडा नसतो. आमच्या पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव होतं. माझ्या नावानं आलेली पत्रं परत जात राहिली. आरोग्य विम्याचं कार्ड गेलं, कर क्रमांक गेला. आम्हाला वाटत होतं, सरकारी काम आहे, उशीर होणारच. फेब्रुवारीत मला ताप भरला, दवाखान्यात कार्ड मागितलं, आणि मी काउंटरसमोर मुकी उभी राहिले. नवऱ्याला ऑफिसातून बोलवावं लागलं. घरी परतताना त्यानं पहिल्यांदा पेटीकडे नीट पाहिलं. संध्याकाळी त्यानं एका कागदावर माझं आडनाव लिहून चिकटपट्टीनं लावलं. आठवड्याभरात माझ्या नावाचं पहिलं पत्र आलं. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय.

म्हणून मी नव्या जोडप्याच्या घरी गेले की आधी खालची पेटी आणि दारावरची घंटी पाहते. दोन आडनावं असतील तर दोन्ही लावा. आडनाव एकच असेल तर भाडेकरारात, वीजबिलात, बँकेत तरी दोघांची नावं हवीत. मागून येणाऱ्याच्या नावानं स्वतंत्र बँक खातं पहिल्या महिन्यात उघडा. घरखर्चासाठी जोडखातं असू द्या, पण एक खातं तिचं एकटीचं. चार युरोची कॉफी घ्यायची तर कुणाला विचारावं लागू नये, यात अविश्वासाचा प्रश्नच नाही. नाशिकमध्ये ती स्वतःच्या पगारावर स्कूटर चालवत कॉलेज रोडला जात होती, हे नवऱ्यानं विसरू नये. भारतातली बचत खातीही एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची खाती, करून घ्या, ते नियमानं आवश्यक आहे.

व्हिसा ठरावीक महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज पोचला पाहिजे. वेळ मिळायला खूप उशीर लागतो, म्हणून पत्त्याची नोंद होताच मागा. परवान्यावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट’ हे शब्द शोधा. याचा अर्थ तुम्हाला नोकरी-व्यवसायाची परवानगी आहे. हे शब्द तुमच्या कार्डावर असताना ‘मी डिपेंडंट आहे’ असं म्हणू नका. हा शब्द मला मनापासून नकोसा आहे.

आरोग्य विमा: नवरा सरकारी पद्धतीच्या क्रांकेनकासेत असेल तर कमाई नसलेल्या जोडीदाराचा विमा त्याच हप्त्यात, जादा पैसे न देता होतो. खासगी विम्यात तसं नाही, तिथे प्रत्येकाचा हप्ता वेगळा. आल्या आल्या घराजवळचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, शोधून नाव नोंदवा. आजारी पडल्यावर शोधायला गेलं तर नवे पेशंट घेत नाही असं ऐकावं लागतं. रात्री-बेरात्री दवाखाना बंद असेल तर 116117, आणि जिवावर बेतलं तर 112.

कराचं जरा सावकाश वाचा. दर महिन्याला पगारातून किती कर कापायचा ते करवर्गावर ठरतं. दोघं इथे राहायला लागलात की दोघांनाही चौथा करवर्ग मिळतो. एकच कमावता असेल तर सगळे सांगतील, तिसरा-पाचवा घ्या. कमावत्याला तिसरा, दुसऱ्याला पाचवा. दर महिन्याला हातात जास्त येतं हे खरं. पण वर्षाचा एकूण कर तेवढाच राहतो, विवरणपत्र भरावंच लागतं, आणि पुढे पाचव्या वर्गातल्या बाईला नोकरी लागली की तिचा हातात येणारा पगार फारच लहान दिसतो. मूल झाल्यावर मिळणारं एल्टर्नगेल्ड त्या हातातल्या पगारावर मोजतात. तिला नोकरी लागली की आधी करवर्ग बदला. ‘तुझा पगार तर पाळणाघरातच जाईल’ हे वाक्य मी या एका कारणानं किती घरांत ऐकलं आहे.

रेडिओ-टीव्हीचं शुल्क घरामागे एकच असतं, महिन्याला 18.36 युरो. पण पत्त्याची नोंद झाली की नव्या माणसालाही पत्र येतं. घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका, नवरा ज्या क्रमांकावर हे शुल्क भरतो तो लिहून उत्तर पाठवा. घर शोधत असाल तर काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. पुष्कळ घरांना स्वयंपाकघरच नसतं, भिंतीतून नुसते नळ बाहेर आलेले. पाहायला जाताना ओटा, शेगडी, कपाटं घराबरोबर आहेत का हे पहिल्यांदा विचारा.

स्टुटगार्टची खास गोष्ट म्हणजे केअरवॉखे. आठवड्याच्या पाळीनं जिना, कधी अंगण आणि फूटपाथ झाडायचा. तुमच्या दाराला पाटी अडकवलेली दिसली की या आठवड्यात तुमची पाळी. मन लावून झाडा. माझ्या शेजारच्या आजी माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या मी जिना पुसत असतानाच, आणि माझं निम्मं जर्मन त्यांनीच शिकवलं. रविवारी आणि रात्री दहानंतर मिक्सर, ड्रिल बंद. फोडणीचा वास आणि वाफ यासाठी सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा, भर थंडीतही. खिडकी दिवसभर किलकिली ठेवून काही उपयोग होत नाही, भिंतीला बुरशी धरते आणि भरपाई अनामतीतून जाते. गाडी चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवा: भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा.

निफाडला पारा पाचवर आला की आपण शेकोट्या पेटवतो, म्हणून थंडीची मला भीती नव्हती. थंडीनं त्रास दिलाच नाही. त्रास दिला अंधारानं. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. नवरा सातला घरी. भारत साडेचार तास पुढे, म्हणजे इथे अंधार पडेपर्यंत नाशिकला रात्रीचे नऊ, आईचं जेवण उरकलेलं. त्यानंतर माझ्याशी बोलायला कुणी उरायचं नाही. मी त्या दोन महिन्यांत नवऱ्याशी जेवढी भांडले तेवढी नंतरच्या सगळ्या वर्षांत भांडले नाही. तुमचंही भांडण होईल. एकमेकांची ओळख पुरती झालेली नसताना दोघांना एका खोलीत बंद केलंय, त्यात आंबट वरण आणि ओले मोजे ही निमित्तं. तेव्हा लगेच नाशिकला फोन लावू नका. आई-वडील तिथे रात्र जागून काढतात आणि सकाळी तुमचं मिटलेलं असतं.

त्यापेक्षा घराबाहेर पडा. माइलेंडर प्लात्झवरची शहर वाचनालयाची पांढरी चौकोनी इमारत 2011 मध्ये उघडली. आत बसायला पैसे लागत नाहीत, उजेड भरपूर, माणसं शांत. माझा पहिला हिवाळा तिथे निभावला. रोटेब्युलप्लात्झच्या फॉल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढांच्या शिक्षण केंद्रात, जर्मनचे वर्ग असतात. नव्यानं आलेल्यांसाठीचा सरकारी इंटिग्रेशन कोर्स मिळत असेल तर परवान्याच्या वेळीच विचारा. त्यात भाषेच्याच 600 तासिका असतात. पहिल्या दिवशी नवऱ्यानं दारापर्यंत सोडावं, दुसऱ्या दिवसापासून ट्रामनं एकटं जाऊ द्यावं. आणि नवऱ्यांनो, बँकेत, दवाखान्यात तिच्या वतीनं तुम्ही बोलू नका. तिला अडखळू द्या, पाच मिनिटं जास्त लागू द्या.

मुख्य स्टेशनाच्या मागच्या टेकडीवर द्राक्षमळे आहेत, थेट शहरात. आपल्याकडे मांडवावर वेल चढतो, इथे उभ्या उतारावर ओळीनं. काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपली नाशिकची द्राक्षं मात्र मार्चच्या सुमारास इथल्या दुकानात येतात, हिरवी, बिनबियांची, खोक्यावर ‘इंडिएन’ लिहिलेलं. पहिल्या मार्चमध्ये मी तो खोका उचलला, घरी आणला, आणि दोघांनी उभ्याउभ्याच संपवला. तोपर्यंत उजेड वाढलेला असतो, संध्याकाळी सहापर्यंत बाहेर दिसतं. त्या सुमारास आमच्याकडे जेवायला या, दोघंही. वरण मी करते, भाताचं तुम्ही बघा.