फिल्म प्रोजेक्टरच्या जागी डिजिटल प्रोजेक्टर बसवताना

३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारे चित्रपटगृह डिजिटल करायचे ठरले की चर्चा बहुधा प्रोजेक्टरच्या मॉडेलपासून आणि किमतीपासून सुरू होते. कामाला हात घालावा तो मात्र पडद्यापासून, कारण किती प्रकाश लागणार हे पडदा ठरवतो आणि बाकीचा बराचसा खर्च त्या प्रकाशामागून येतो. हॉलिवूडच्या प्रमुख स्टुडिओंनी डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्हज या संयुक्त संस्थेमार्फत २००५ साली जे तांत्रिक निकष प्रसिद्ध केले, त्यांनुसार पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजळपणाचे एकक) उजेड असायला हवा. पडद्याचे क्षेत्रफळ चौरस फुटांत काढून त्याला १४ ने गुणावे आणि पडद्याच्या गेनने, म्हणजे परावर्तनाच्या पटीने, भागावे. पडद्यावर किती ल्यूमेन (प्रकाशाचे एकक) पोचायला हवेत ते कळते. गेन १ असलेल्या, ४० फूट रुंदीच्या स्कोप (उंचीच्या २.३९ पट रुंद) पडद्यासाठी हा आकडा सुमारे ९,४०० येतो. परंतु स्कोप चित्र दाखवताना प्रोजेक्टरमध्ये चित्र घडवणाऱ्या २के (सुमारे दोन हजार ठिपके रुंद) चिपच्या १,०८० ओळींपैकी ८५८ ओळीच कामी येतात आणि उरलेल्या ओळींवरचा प्रकाश वाया जातो, त्यामुळे प्रोजेक्टरची क्षमता किमान ११,८०० ल्यूमेन धरावी लागते. त्यातही बूथच्या खिडकीची काच थोडा प्रकाश खाते आणि झेनॉन दिवा वापराबरोबर मंदावत जातो, म्हणून दीडपट क्षमतेचे यंत्र घेतलेले बरे. २के की ४के हा वाद त्यापुढे दुय्यम आहे. लहान पडद्यावर मागच्या रांगांतून हा फरक क्वचितच जाणवतो, अपुरा उजेड मात्र प्रत्येक खुर्चीवरून दिसतो. थ्रीडीसाठी चंदेरी पडदा लावण्याचा मोहही आवरावा, कारण त्यावर साधे चित्र मध्यभागी उजळ आणि कडांना काळवंडलेले दिसते.

फिल्मच्या काळात फ्लॅट (स्कोपपेक्षा कमी रुंद) आणि स्कोप चित्रांसाठी वेगवेगळी भिंगे लागत. डिजिटलला बहुधा एकच मोटरवर चालणारे झूम भिंग पुरते, मात्र ते मागवण्यापूर्वी भिंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी हे गुणोत्तर प्रत्यक्ष फीत लावून काढावे. जुन्या नकाशावर विसंबू नये.

बूथची तयारी यंत्र येण्याआधी पूर्ण झालेली असावी. झेनॉन दिव्याची उष्णता बाहेर टाकणारा पंखा जुन्या प्रोजेक्टरलाही होता, पण डिजिटल यंत्रातील इलेक्ट्रॉनिक भागांना थंड आणि धूळविरहित हवा सतत लागते, आणि वर्षानुवर्षे तेलाचे शिंतोडे व फिल्मची भुकटी झेललेली खोली तशी क्वचितच असते. अर्थिंग तपासून घ्यावे. चित्रपट साठवून चालवणाऱ्या सर्व्हरला यूपीएस हवाच: वीज गेली तर फिल्मचे यंत्र ती परत येताच त्याच फ्रेमपासून पुढे चालू करता येत असे, सर्व्हरला मात्र पुन्हा उभे राहायला कित्येक मिनिटे लागतात. ध्वनीचे काम त्या मानाने सोपे आहे. जुन्या साउंड प्रोसेसरला सहा चॅनलचा ॲनालॉग इनपुट असेल, तर मध्ये एक कन्व्हर्टर घालून तूर्त भागवता येते.

खरा बदल कामाच्या वेळापत्रकात होतो. फिल्म तुटली तर ऑपरेटर ती जोडून काही मिनिटांत खेळ पुढे नेत असे. डिजिटलमधील अडचणींची मुळे बहुतेक वेळा खेळाच्या आधीच्या दिवसांत असतात, आणि ऐनवेळी हाताच्या कसबाने त्या सुटत नाहीत. चित्रपट डीसीपी या फाइलसंचाच्या रूपात येतो. चित्राचा कमाल वेग सेकंदाला २५० मेगाबिट असल्याने दोन तासांचा चित्रपट २२५ जीबीपर्यंत जाऊ शकतो. तो सर्व्हरवर उतरवून घेण्यास आणि तपासण्यास वेळ लागतो, म्हणून हे काम आदल्या दिवशीच उरकावे. सांकेतिक कुलूप असलेला डीसीपी केडीएम नावाच्या किल्लीशिवाय उघडत नाही. ही किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक कालावधीसाठीच दिलेली असते. सर्व्हरचे प्रमाणपत्र वितरकाकडे वेळेवर पोचवावे, मीडिया ब्लॉक (कुलूप उघडून चित्र पुरवणारा भाग) बदलला तर नव्या किल्ल्या मागवाव्यात, आणि किल्ली हाती येताच तिची सुरुवात व समाप्ती स्थानिक वेळेनुसार पडताळावी. मध्यरात्रीच्या खेळाच्या मध्येच मुदत संपणारी किल्ली शुक्रवारी दुपारी लक्षात आली तर बदलून मिळते, रात्री अकराला फोन उचलणारे फार थोडे असतात. मीडिया ब्लॉकमधील बॅटरी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी, कारण ती संपली तर आतील गुप्त किल्ल्या पुसल्या जातात आणि ब्लॉक उत्पादकाकडेच पाठवावा लागतो.

पहिल्या सार्वजनिक खेळापूर्वी प्लेलिस्टमध्ये दिवे मंदावण्याच्या आणि मास्किंग (पडद्याच्या कडा झाकणारे काळे कापड) सरकण्याच्या सूचना भरून संपूर्ण खेळ रिकाम्या सभागृहात चालवावा, उजेड मीटरने मोजावा आणि ओठ व आवाज यांचा मेळ मागच्या रांगेत बसून पाहावा.

जुनी यंत्रे भंगारात काढण्याची घाई मात्र करू नये. अनेक जुने चित्रपट आजही केवळ फिल्मवरच उपलब्ध आहेत. बूथमध्ये जागा कमी असेल, तर सगळी रिळे जोडून चालवणारी आडवी प्लॅटर काढून टाकावी आणि चेंजओव्हरचे, म्हणजे आळीपाळीने एकेक रीळ चालवणारे, दोन प्रोजेक्टर ठेवावेत. कारण रिळांची टोके कापून जोडावी लागत असल्याने बहुतेक अभिलेखागारे आपल्या प्रती प्लॅटरवर चालवू देत नाहीत. भिंगे, गेट आणि सुटे भाग तेल पुसून, खुणा लावून ठेवावेत, आणि ती यंत्रे चालवणाऱ्या ऑपरेटरलाच सर्व्हरचे प्रशिक्षण द्यावे.