आयईएलटीएससाठी व्हर्ब पाठ करताय? मग त्याच्या मागून काय येतं तेही पाठ करा

आयईएलटीएसची, म्हणजे परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाताना द्यावी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी सुरू केली की बरेच जण पहिलं काय करतात तर व्ही वन व्ही टू व्ही थ्रीचा तक्ता डाउनलोड करतात आणि 'गो वेंट गॉन' घोकायला बसतात. तक्ता लागतोच, पण तो ए पासून झेड पर्यंत घोकू नका, डोक्यात राहत नाही. एका चालीचे एकत्र घ्या. कट, पुट, हिट, कॉस्ट हे बदलतच नाहीत, एकदा वाचले की झालं. मग सिंग सँग संग, त्याच चालीवर ड्रिंक, बिगिन, स्विम. मग बॉट, ब्रॉट, थॉट, कॉट. मोठ्याने म्हणा, बसतात लक्षात.

पण माझ्या मते खरे मार्क दुसरीकडेच जातात. व्हर्ब येतं, त्याच्या मागून काय लावायचं ते येत नाही. 'अव्हॉइड'ला आयएनजी लागतं, 'अव्हॉइड ईटिंग', तिथे 'टू ईट' चुकीचं. 'डिसाइड'चं बरोबर उलटं, 'डिसाइड टू गो'. 'डिस्कस'ला 'अबाउट' लावायचंच नाही (हे तर इतके जण लावतात की बरोबरच वाटायला लागतं). 'स्टॉप' दोन्ही घेतं पण अर्थच फिरतो, 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने सिगरेट सोडली आणि 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे तो सिगरेट ओढायला थांबला. म्हणून वहीत नुसतं 'सजेस्ट' लिहून पुढे अर्थ लिहू नका, 'सजेस्ट डुइंग समथिंग' असा अख्खा तुकडा लिहा आणि खाली स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य लिहा. रोज पाचच करा पण असे करा.

अकॅडेमिकवाल्यांनी (म्हणजे उच्च शिक्षणासाठीचा प्रकार देणाऱ्यांनी) रायटिंगच्या टास्क वनसाठी, म्हणजे ग्राफ वगैरेंचं वर्णन लिहिण्यासाठी, राइज आणि रेझ आधी पक्कं करावं. किंमत आपोआप वाढली तर 'द प्राइस रोझ', कंपनीने वाढवली तर 'द कंपनी रेझ्ड द प्राइस'. ग्राफ 1990 ते 2010 चा असेल तर सरळ पास्ट टेन्स, उगाच 'हॅज रिझन' करत बसू नका.

रायटिंग आणि स्पीकिंग दोन्हीत ग्रामरला 25 टक्के वजन आहे, त्यामुळे सराव दोन्हीकडे हवा. स्पीकिंगच्या पार्ट टूमध्ये एक मिनिट तयारी आणि मग एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं, तिथे गोष्ट पास्टमध्ये सुरू होते आणि चौथ्या वाक्याला 'देन ही सेज' होऊन जातं. मोबाइलवर रेकॉर्ड करा, परत ऐका, फक्त व्हर्बच ऐका बाकी काही नाही. आणि रायटिंगच्या टास्क टूच्या, म्हणजे निबंधाच्या, 40 मिनिटांतली शेवटची तीन राखून ठेवा, त्यात प्रत्येक वाक्याच्या व्हर्बवर बोट ठेवून बघायचं, टेन्स बरोबर आहे का आणि 'ही', 'शी'च्या पुढचा एस राहिला का.