मुंबईत स्वतःचा रेडिओ काढायचाय? मग माइक घ्यायच्या आधी हे वाचा

पहिलं म्हणजे एफएमचं खूळ डोक्यातून काढा. खाजगी एफएमच्या पहिल्या फेरीत मुंबईतल्या एका फ्रिक्वेन्सीची वर्षाची लायसन फी होती ९.७५ कोटी, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. त्या भाराखाली चॅनलवाले तोट्यात गेले आणि ९४.६ वरचं ‘विन’ चॅनल तर बंदच झालं. २००५ मध्ये फी साधारण उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर आली खरी, पण फ्रिक्वेन्सी आजही लिलावातच घ्यावी लागते आणि तिथे तुमच्या-माझ्यासारख्यांचं काम नाही.

कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आसपासच्या वस्तीपुरता छोटा रेडिओ, स्वस्त आहे, प्रक्षेपणाची ताकद १०० वॅटपर्यंत, मुंबई विद्यापीठाचा १०७.८ वरचा तसाच. पण तो शिक्षणसंस्थेला किंवा नोंदणी असलेल्या सेवाभावी संस्थेला मिळतो, एकट्या माणसाला किंवा नफ्यासाठीच्या कंपनीला नाही. संस्था असेल तर जरूर करा, धंदा म्हणून नको.

राहिला इंटरनेट रेडिओ. इथे फ्रिक्वेन्सीचा प्रश्नच नाही, सर्व्हर भाड्याने घ्या, त्यावर आइसकास्ट किंवा अझुराकास्ट हे प्रसारणाचं सॉफ्टवेअर टाका, झालं सुरू. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो तो आकडा, ६४ केबीपीएस ठेवा, म्हणजे ऐकणाऱ्याचे तासाला साधारण २९ एमबीच जातात, आणि विरार लोकलमध्ये नेटवर्कची बोंब असते तिथे हाच आकडा कामाला येतो, १२८ वर लावलं की भाईंदरच्या खाडीवर आवाज अडकलाच म्हणून समजा.

आता गाणी. सगळे इथेच फसतात. ‘आपण विकत घेतलेलं गाणं आहे, वाजवू की’ असं चालत नाही. रेकॉर्डिंगचा हक्क म्युझिक कंपनीचा, शब्द आणि चालीचा वेगळा, त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं लायसन. एफएमवाल्यांना कायद्याने २०१२ पासून ठरवून दिलेल्या दराने गाणी वाजवायची सोय आहे (कॉपीराइट कायद्याचं कलम ३१डी), पण ती इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू नाही असं मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये तेच कायम ठेवलं. म्हणजे आपल्याला प्रत्येक कंपनीशी स्वतंत्र बोलणी करावी लागणार, आणि नवख्याला कोण दारात उभं करतंय!

म्हणून माझं सरळ मत, मुंबईत छोटा रेडिओ काढणाऱ्याने बोलण्याचा रेडिओ काढावा. कोळीवाड्यातल्या मावशींशी मासळीच्या भावावर गप्पा, गिरणगावातल्या जुन्या मंडळींच्या आठवणी, रिडेव्हलपमेंटचे नियम वकिलाकडून समजून घेणं, हे फुकट मिळतं आणि दुसरं कोणी देत नाही. संगीत हवंच असेल तर ओळखीच्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीतले अभंग गाऊन घ्या, गाणारा-वाजवणारा प्रत्येकाची लेखी परवानगी घेऊन. बातम्यांच्या फंदात मात्र पडू नका, इंटरनेटवर बातम्या दिल्या की २०२१ चे नियम लागतात, तक्रार निवारण अधिकारी नेमा वगैरे, सुरुवातीला कशाला ती डोकेदुखी.

सामान लॅमिंग्टन रोडला मिळून जाईल. कंडेन्सर माइक घेऊ नका, डायनॅमिक घ्या, कारण कंडेन्सरला शेजारचा कुकर, कबुतरं, खालचा रिक्षावाला सगळं ऐकू येतं. खिडकीला जाड गोधडी लावा आणि गणपतीच्या दहा दिवसांचं रेकॉर्डिंग आधीच करून ठेवा, त्या दिवसांत कुठलीही गोधडी पुरत नाही.

आता खरं काम, जाहिरात. रेडिओवाला गाणी विकत नाही, वेळ विकतो, आणि तो १० सेकंदांच्या हिशोबाने विकतो. समजा दर ५० रुपये, रोज ८ वेळा, ३० दिवस, झाले १२,०००. असे दहा दुकानदार मिळेपर्यंत नोकरी सोडू नका. मोठ्या एजन्सीकडे जाऊ नका, ते पहिला प्रश्न ऐकणारे किती हाच विचारतात. आपल्या एरियातला क्लासवाला, पोळीभाजी केंद्रवाली ताई, पैठणीवाले काका यांच्याकडे जा. ‘रेट कार्ड देतो’ म्हणू नका, मोबाइलवर त्यांची तयार जाहिरातच ऐकवा. समजा ताईंच्या मोदकांची, अशी:

‘आजी, मोदक तू केलेस?’
‘छे गं, रानडे रोडवरून आणले!’
‘खोटं! ह्या कळ्या तर तुझ्याच हातच्या वाटतात!’

मग दुकानाचं नाव. एवढंच, १० सेकंदांत साधारण २०-२५ शब्द बसतात, काका ‘अजून चार ओळी टाका ना’ म्हणतील तेव्हा हसून नाही म्हणायचं. स्वतःचं नाव आवाजात ऐकलं की माणूस भाव कमी करायचंही विसरतो, हे मी पाहिलंय. क्लासवाल्याकडे मात्र एप्रिल-मेमध्येच जा, जूनमध्ये ॲडमिशनची धावपळ सुरू झाली की त्याला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.

अनुभव नसेल तर वर्षभर एखाद्या चॅनलमध्ये नोकरी धरा, पण आरजेची नको, सेल्सची किंवा ट्रॅफिकची, म्हणजे कुठली जाहिरात किती वाजता लागली याचा हिशोब ठेवणाऱ्या खात्याची. आवाजाची हौस असेल तर चर्चगेटला आकाशवाणीत नैमित्तिक उद्घोषकांची भरती निघते, त्याची आवाज चाचणी द्या, उच्चार तिथे नीट घासून निघतात.

आणि पैसे. एजन्सीमार्फत आलेली जाहिरात म्हणजे १५ टक्के कमिशन आणि दोन-तीन महिने उधारी, हे धरूनच चाला. छोट्या दुकानदाराकडून मात्र महिन्याचे पैसे आधी घ्या, यूपीआयवर, आणि दर सोमवारी त्याला जाहिरात कधी-कधी लागली त्याची यादी व्हॉट्सॲप करा, न मागता. पुढच्या महिन्याचा हप्ता त्या यादीवरच येतो.