जुन्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बिघडला तर दोष कसा शोधावा

गाडी अचानक रेस घेईनाशी होते, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि पेडल पूर्ण दाबलं तरी इंजिन एका मर्यादेपुढे जात नाही. बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ सगळं ठीक, मग परत तेच. अशा वेळी ‘थ्रॉटल बॉडी गेली, बदलून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा हा भाग स्वस्त नसतो. दोष पेडलच्या सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये असेल, तर नवी थ्रॉटल बॉडी बसवूनही गाडी जिथल्या तिथेच राहते. म्हणून आधी तपासा, खरेदीचं नंतर बघू.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत केबल नसते. पेडलवर दोन स्वतंत्र सेन्सर असतात. ते पाय किती दाबला हे ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, सांगतात. ईसीयू थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या मोटरला हुकूम देतो, मोटर गिअरमधून झडप उघडते, आणि झडपेवरचे आणखी दोन सेन्सर ती खरोखर किती उघडली हे कळवतात. यातल्या कुठल्याही जोडीचा हिशोब जुळला नाही की ईसीयू मोटरचा पुरवठा तोडतो किंवा इंजिनाची ताकद आवळतो. मोटर बंद झाली तरी स्प्रिंग झडपेला किंचित उघडी धरून ठेवतात, त्यामुळे गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला नेता येते. यालाच लिंप मोड म्हणतात. लिंप मोड लागला म्हणजे संरक्षणाची यंत्रणा आपलं काम करते आहे, दोष अजून शोधायचाच आहे.

रेस कमी पडण्याऐवजी आपोआप वाढत असेल तर गोष्ट वेगळी. ब्रेक एकदाच जोरात दाबा आणि धरून ठेवा. पुन्हापुन्हा सोडून दाबलात तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते. गाडी न्यूट्रलला टाका, कडेला थांबवा आणि मगच इंजिन बंद करा. धावत्या गाडीत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. थांबल्यावर सगळ्यात आधी पायाखालची मॅट पेडलमध्ये अडकली आहे का ते बघा. मॅट जागेवर असेल, तर ही गाडी चालवत न नेता उचलूनच वर्कशॉपला न्या.

कोड वाचा, पण लगेच पुसू नका

साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, पुरेसा आहे. कोड लिहून घ्या, आणि दोष आला तेव्हाचा वेग, फेरे आणि तापमान स्कॅनर दाखवत असेल तर तेही टिपून ठेवा. कोड पुसला की ही माहितीही जाते.

पी-२१३५ म्हणजे झडपेवरच्या दोन सेन्सरचं एकमेकांशी जुळत नाही. पी-२१३८ म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरचं जुळत नाही. हा कोड असताना थ्रॉटल बॉडी बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. पी-२१११ झडप उघडी अडकल्याचा, पी-२११२ बंद अडकल्याचा. पण कोड फक्त कुठल्या सर्किटमध्ये शोधायचं ते सांगतो, कुठला भाग गेला ते सांगत नाही. वायर तुटली तरी आणि सेन्सर मेला तरी कोड तोच येऊ शकतो. एकमेकांशी संबंध नसलेले अनेक कोड एकदम आले असतील, तर बॅटरी आणि अर्थिंगवर (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनाच्या धातूशी जोडणी) संशय घ्या.

बॅटरी आणि अर्थिंग

इंजिन बंद असताना चांगल्या, चार्ज झालेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट मिळतात, चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून इंजिन चालू ठेवा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं घासा आणि घट्ट आवळा. जुन्या गाडीत ही पायरी टाळू नका.

कप्लर आणि वायरिंग

चावी बंद करून पेडलचा आणि थ्रॉटल बॉडीचा कप्लर (वायर जोडणारा प्लग) काढा, उजेडात धरा. पिनवर हिरवट थर, ओल, मागे सरकलेली पिन, सैल झालेली पकड, यातलं काहीही पुरेसं असतं. सेन्सरला ईसीयूकडून जेमतेम ५ व्होल्ट मिळतात, त्यामुळे पिनवर थोडा गंज चढला तरी आकडा बदलतो. इंजिनाच्या उष्णतेने कडक झालेली वायर आणि उंदरांनी कुरतडलेली जागा कप्लरच्या जवळच शोधा. पेडल आणि वायरिंगच्या मध्ये ‘पिकअप वाढवणारी’ डबी कुणी बसवली असेल तर ती काढून मूळ जोडणी करा. अशा गाडीत बाकी काहीही तपासण्याआधी मी तेच करायला सांगेन.

पेडलचा सिग्नल

चावी ऑन, इंजिन बंद. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये पेडलचे दोन्ही सेन्सर लावा आणि पेडल अगदी सावकाश दाबा. बऱ्याच गाड्यांत पहिला सेन्सर एक व्होल्टच्या आत सुरू होऊन चारच्या आसपास जातो आणि दुसरा त्याच्या निम्मा असतो. नेमके आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. नजर आकडा अखंड चढतो की नाही यावर ठेवा. ०.९, १.०, १.१ असं जाता जाता मध्येच ०.३ दिसून परत १.२ आलं, तर दोष सापडत आला. जुन्या, घासत चालणाऱ्या सेन्सरमध्ये अशी उडी बहुधा सुरुवातीच्या टप्प्यात येते, कारण गावातल्या गर्दीत पाय कायम तिथेच खेळत असतो. उडी दिसली की कप्लरची वायर हलवून पुन्हा बघा. वायर हलवल्यावर आकडा उडत असेल तर सेन्सर चांगला आहे, वायर दुरुस्त करा.

झडप साफ करणं

आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन चालतं तो वेग) खाली-वर होत असेल किंवा सिग्नलला गाडी बंद पडत असेल, तर झडपेच्या कडेला साचलेला काळा थर बघा. चावी बंद, कप्लर काढलेला, आणि मगच हवेचा पाइप उघडा. चावी ऑन असताना बोट आत घालू नका, मोटर झडप एकदम मिटवू शकते. थ्रॉटल बॉडीसाठीचाच क्लीनर कापडावर मारून पुसा. कार्ब्युरेटर क्लीनरने काही झडपांवरचा लेप निघतो, आणि आत धो-धो फवारलं तर द्रव शाफ्टमधून सेन्सरपर्यंत जातो. झडप जोराने ढकलू नका, आतले गिअर बऱ्याचदा प्लास्टिकचे असतात. पाइप उघडलाच आहे तर तडे गेलेले व्हॅक्यूमचे होजही बघून घ्या. पी-०१७१ (इंधनाच्या मानाने हवा जास्त) सोबत आला असेल तर तिथून हवा गळत असण्याची शक्यता मोठी.

साफसफाईनंतर आयडलिंग वाढलं तर घाबरू नका. मळामुळे हवा कमी जात होती, म्हणून ईसीयू झडप जास्त उघडत होता आणि त्याला अजून तीच सवय आहे. त्याला नवी बंद स्थिती शिकवावी लागते. काही गाड्यांत चावी ऑन करून पेडलला हात न लावता थांबलं की हे होतं, काहींत स्कॅनरच लागतो. मॅन्युअलमधली रीत वापरा, बॅटरी काढून जोडल्याने हे दर वेळी होत नाही.

पुरवठा, अर्थिंग, वायर, पेडल सगळं चोख आहे आणि तरीही ईसीयूने मागितलेली झडपेची स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती यांत फरक राहतो आहे, तेव्हा थ्रॉटल बॉडी बदला. पार्ट नंबर जुळवून घ्या आणि नव्या बॉडीलाही तीच शिकवण द्या. ईसीयूवर संशय सगळ्यात शेवटी.

दुरुस्तीनंतर कोड पुसून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत गाडी चालवा, गर्दीत आणि चढावरही. मग स्कॅनर पुन्हा लावून पेंडिंग कोड बघा. दिवा लागायच्या आधीच तिथे दोष दिसतो.