मेरी चेस्नटच्या डायऱ्या वाचायला घेताना

पहिल्या सत्रातल्या माझ्या निबंधात एक वाक्य होतं, ‘एप्रिल १८६१ मध्ये मेरी चेस्नट लिहिते...’ मार्गदर्शकांनी त्या सालाभोवती पेन्सिलने गोल केला आणि समासात लिहिलं, ‘नक्की कधी?’ या दोन शब्दांपायी माझं अख्खं वर्ष गेलं. अमेरिकेच्या दक्षिणेचा इतिहास शिकायला निघालेल्यांचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितेय.

मेरी बॉयकिन चेस्नट (१८२३–१८८६) साउथ कॅरोलायनाची. वडील राज्याचे गव्हर्नर आणि सिनेटर. नवरा जेम्स वकील, तोही सिनेटर. लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर नोव्हेंबर १८६० मध्ये त्याने राजीनामा दिला आणि पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात तो फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचा सहायक झाला. सासऱ्यांची कॅम्डेनजवळ मलबेरी नावाची इस्टेट होती आणि घराण्याच्या जमिनींवर शेकडो गुलाम राबत होते. कायदा, सत्ता आणि जमीन, सगळं एकाच घरात.

१८६१ ते १८६५ या युद्धकाळात मेरीने डायरी लिहिली. मग १८८० च्या दशकात तिने ती नव्याने लिहून काढली, जवळजवळ ५० वह्यांमध्ये. कुठे संवाद घातले, कुठे गाळलं, कुठे फुलवलं. तिच्या मृत्यूनंतर १९०५ मध्ये पुस्तक छापलं गेलं ते या नव्या लिखाणावरून. मी ज्या वाक्यांवर भाळले होते, ती वीस वर्षांनी सुचलेली असू शकत होती. इतिहासकार सी. व्हॅन वुडवर्ड यांनी १९८१ मध्ये नव्या लिखाणाची चिकित्सक आवृत्ती काढली, तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. मूळ युद्धकालीन नोंदी १९८४ मध्ये स्वतंत्रपणे छापून आल्या. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवा आणि तारखेला तारीख लावून वाचा. एकच वाचून निबंध लिहायला बसू नका.

हस्तलिखितं कोलंबिया शहरात, साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या साउथ कॅरोलिनियाना ग्रंथालयात आहेत. छापील नोंदी नीट वाचून झाल्याशिवाय ती मागू नका. नवऱ्याचं नावही ती बरेचदा नुसत्या आद्याक्षरांनी लिहिते, नवख्याला पत्ता लागत नाही. मोडी शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: आधी त्या हाताची वळणं डोळ्यांत बसायला हवीत, अर्थ मागाहून लागतो.

आता ज्या जागी मी दोन दिवस अडकले, तिच्याबद्दल. १२ एप्रिल १८६१ ला चार्ल्स्टनच्या बंदरातल्या फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या आणि युद्धाला तोंड फुटलं, तेव्हा मेरी चार्ल्स्टनमधल्या एका घराच्या छपरावरून पाहत होती. त्या दिवसांच्या छापील नोंदींत जेम्सचा खासगी नोकर लॉरेन्स दिसतो. तो गुलाम. दाराशी बसलेला, झोपाळलेला, अदबशीर. बाहेर एवढा गडगडाट, पण घरातल्या गुलामांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. मेरीला प्रश्न पडतो, ही माणसं मठ्ठ आहेत, की आपल्याहून शहाणी आणि वेळेची वाट पाहत गप्प बसलेली?

लॉरेन्सला काय वाटत होतं, ते या वहीत नाही. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं. १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्या बघायला गेलात तर मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण सापडतो. नावं बहुतेक नसतातच. पण वकिली-राजकारणातली घराणी कागद जपतात. मृत्युपत्रं, खरेदीखतं, मालमत्तेच्या याद्या मागवा. तिथे माणसांची नावं किमतीसकट लिहिलेली असतात. वाचताना पोटात गोळा येतो, तरी प्रत्येक नाव उतरवून घ्या. मग मुक्तीनंतरचे मजुरीचे करार आणि १८७० ची जनगणना पाहा. या जनगणनेत मुक्त झालेली माणसं पहिल्यांदा नाव-आडनावासह येतात. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. ते पुस्तक घरून निघताना बॅगेत टाकाच. माझं टेबलावरच असतं.

माझ्या वहीच्या पानावर आता तीन रकाने असतात. पहिला युद्धकाळातल्या नोंदीचा, दुसरा १८८० च्या दशकातल्या लिखाणाचा. तिसरा, ज्यांचं डायरीत नुसतं नाव येतं त्यांच्यासाठी. लॉरेन्सच्या रकान्यात अजून चारच ओळी आहेत.