झाडांची ओळख करून देणारं खेळणं बनवताय? या चुका टाळा

तपकिरी दांडा, त्यावर हिरवा गोळा, गोळ्यात चार लाल सफरचंदं. लाकडी खेळण्यांच्या कुठल्याही प्रदर्शनात हे झाड हमखास असतं आणि खोक्यावर ‘निसर्गाशी नातं’ असंही छापलेलं असतं. ते हातात घेऊन ठाण्यातलं किंवा नांदेडमधलं अडीच वर्षांचं पोर गेटबाहेर आलं, तर त्याला तसं झाड कुठे दिसणार? तिथे पिंपळ असतो, गुलमोहर असतो, शेवगा असतो. असं खेळणं हातात आल्यावर मूल बाहेर जायला मागतं का, एवढं एकच मी बघते. खालच्या बहुतेक चुका त्यातच अडकलेल्या आहेत.

‘कुठलंतरी झाड’ बनवणं

तीन-चारच झाडं घ्या, पण नाव-गाव असलेली घ्या. पिंपळाच्या पानाचं लांब शेपटीसारखं टोक, आपट्याची दोन पाळी, पळसाची तीन पानं. लाकडी पान खऱ्या पानाच्या मापाचं ठेवा. मूल रस्त्यावरचं पान उचलून त्यावर ठेवतं आणि ते जुळलं की खूश होतं. निम्म्या मापाचं केलं तर हा खेळच संपतो.

सावंतवाडीची लाकडी फळं पूर्वापार पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. घरात पांगारा खेळतोय आणि माघ-फाल्गुनात कुंपणावर लालभडक फुललेला पांगारा मात्र अनोळखी, असं का व्हावं? खेळण्याच्या बुडाशी त्या झाडाचं पान कोरा. आंब्याचं लाकूड वापरलं असेल तर आंब्याचं कोरा, उगाच पांगाऱ्याचं नको.

सगळं पुरं करून देणं

डिझायनरला हे सर्वांत जड जातं, कारण अर्धवट वस्तू दुकानात दीनवाणी दिसते. तरी अर्धवटच द्या. भोकं पाडलेला एक ठोकळा द्या, भोकं वेगवेगळ्या जाडीची. काड्या, देठ, पिसं मुलाने शोधून आणायची. ज्येष्ठात त्याचा साळिंदर होईल, भाद्रपदात तेरड्याची बाग. भोकं आरपार ठेवा, नाहीतर तुटलेली काडी आत अडकून बसते आणि ती काढायला पालकांना सुई घेऊन बसावं लागतं.

ही काही नवी युक्ती नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, शिंपले, खडे असं आसपास मिळणारं साहित्यच मुलांच्या हाती दिलं. खेळण्याचा अर्धा भाग अंगणात पडलेला असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

फांदीची चकती तशीच कापून विकणं

साल असलेली गोल चकती फार गोड दिसते आणि महिन्याभरात कडेपासून मध्यापर्यंत तडकते. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने आकसतं. हा ताण कुठेतरी फुटतोच. वर वॉर्निश लावून तो थांबत नाही.

उपाय दोन. फांदी आधी उभी चिरून चार फाका करा, गाभा काढून टाका आणि सावलीत वाळवा. किंवा चकतीच हवी असेल तर कडेपासून गाभ्यापर्यंत करवतीने एक चीर आधीच द्या. तडा तिथेच रुंद होईल आणि बाकीची चकती बहुधा शाबूत राहील. त्या चिरेत पान खोचता येतं, हा फायदाच समजा. घाईने उन्हात मात्र वाळवू नका.

आणि ‘वर्तुळं मोजा, झाडाचं वय सांगा’ हे छापण्याआधी चकती नीट बघा. सागात वर्तुळं स्पष्ट दिसतात. आंब्यासारख्या सदाहरित झाडात ती धड दिसत नाहीत. पोराला मोजायला लावायचं आणि मोजण्यासारखं काही नाही, अशी गत होते.

कुठलंही बी चालतं असं समजणं

इथे हयगय नको. गुंज दिसायला जितकी सुंदर तितकी विषारी. माळेसाठी तिला भोक पाडलं की कठीण कवचाचं संरक्षणही जातं. बिट्टीच्या बियांनी आपल्यापैकी कितीजण खेळले, पण पिवळ्या कण्हेरीचं ते बी हृदयावर परिणाम करतं. एरंडही नको.

निर्धोक बियांचाही आकार बघावा लागतो. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटा भाग ३१.७ मिमी व्यासाच्या ठरावीक नळीत मावला तर तो घशात अडकण्याच्या धोक्याचा मानतात. चिंचोका, रिठा, सागरगोटा सगळे त्यात आरामात जातात. म्हणून खुळखुळ्याच्या पोटात बंद करा आणि तो फरशीवर पुन्हा पुन्हा आपटून बघा.

खुळखुळा पावसाळ्यात मुका झाला तर बी ओलं राहिलेलं असतं. आतून पिठूळ भुकटी गळू लागली तर भुंगे झालेत. दोन्हींवर उपाय एकच: भरण्याआधी चिंचोके मंद आचेवर चांगले भाजून पूर्ण गार करा.

लाकूड झाकून टाकणं

जाड चकचकीत रंगाखाली लाकूड आणि प्लॅस्टिक सारखंच लागतं. वास नाही, रेषा नाहीत. निदान एक बाजू कोरी ठेवा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, लाकडापासूनचीच असली तरी झाड शिकवायला निरुपयोगी. तोंडात घातलं की कडा फुगतात.

कोऱ्या लाकडावर गोडेतेल चोळू नका, ते चिकट होऊन खवट वास मारतं. कच्चं जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण चांगलं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. (जवस तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा.)

झाडाला बोलायला लावणं

बटण दाबलं की ‘झाडे लावा, झाडे जगवा’. नको.

विक्रीचं तेवढं राहिलं

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, पण तुम्ही नुसतं डिझाइन करून कारखान्यातून माल काढणार असाल तर ती तुम्हाला लागू होईल असं धरून चालू नका. साचे आणि खोकी छापून झाल्यावर हे कळलं तर खर्च दुप्पट होतो, तेव्हा चौकशी नमुना तयार होतानाच करा.